खाणीतलं भूत आणि व्यापारी मंडळी: ‘बाल्डर्स गेट’ चिखल्यातून वाचताना

कॉम्प्युटर गेमबद्दल मराठीत बोललं जातं ते बहुतेक दोन सुरांत. एक सूर आईबापांचा: पोरगं फोनला चिकटलंय. दुसरा यूट्यूबवरचा: ग्राफिक्स कसले भारी आहेत! कादंबरी वाचताना किंवा सिनेमा बघताना आपण सहज विचारतो, की ही गोष्ट कुणाच्या बाजूने सांगितली आहे, पुढे कोण आहे, मागे कोण उभं आहे. गेमला मात्र हा प्रश्न आपण फारसा विचारत नाही. इथे तो एका जुन्या आणि फार मोठ्या गेमला विचारायचा आहे, आणि चिखल्यात उभं राहून विचारायचा आहे.

चिखला हे भंडारा जिल्ह्यात, तुमसर तालुक्यातलं मँगनीजच्या खाणीचं गाव. गेमचं नाव ‘बाल्डर्स गेट’. दोघांचा संबंध काय? या गेमचा पहिला मोठा मुक्काम एक खाण आहे. तिथलं लोखंड ठिसूळ झालंय, आणि ठिसूळ लोखंडावरचा खऱ्या जगातला एक इलाज चिखल्यासारख्याच खाणीतून वर येतो.

सहा जणांची टोळी

‘बाल्डर्स गेट’ डिसेंबर १९९८ मध्ये आला. कॅनडातल्या एडमंटन शहरातल्या ‘बायोवेअर’ने तो बनवला, ‘इंटरप्ले’ने विकला. बायोवेअर सुरू करणारे रे म्युझिका आणि ग्रेग झेशुक हे शिक्षणाने डॉक्टर. गेमचे नियम ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’चे, म्हणजे कागद, पेन्सिल आणि फासे घेऊन मित्रमंडळींनी टेबलाभोवती बसून खेळायच्या खेळाचे.

तो टेबलावरचा खेळ एकट्याने खेळायचा असेल तर मित्र कुठून आणायचे? ‘बाल्डर्स गेट’ने हा प्रश्न टोळीने सोडवला. तुम्ही एक पात्र घडवता. बाकीचे वाटेत भेटतात, आणि एकूण सहा जण सोबत चालू शकतात. कुणी तलवार घेऊन पुढे उभं राहतं, कुणी जखमा भरून काढतं, कुणी मागून मंत्र टाकतं, कुणी चोर असतं आणि लपवलेले सापळे शोधतं. लढाई सुरू झाली की तुम्ही ती थांबवता, सहाही जणांना काम वाटून देता आणि पुन्हा सुरू करता. बोटं किती झरझर चालतात याला इथे फारशी किंमत नाही. विचार करायला वेळ मिळतो.

२०१२ मध्ये ‘बीमडॉग’ने याची सुधारलेली आवृत्ती काढली. आयपॅडमागोमाग ती अँड्रॉइडवरही आली. त्यामुळे पंचवीस वर्षांहून जुना हा गेम आज फोनवर खेळता येतो. वाचायला मात्र खूप आहे.

गेमचा जीव या सोबत्यांत आहे. ते नुसते हुकमाचे ताबेदार नाहीत. खालिद आणि जाहेरा हे नवरा-बायको तुम्हाला सांगतात, की आपल्याला नॅशकेलच्या खाणीकडे जायचंय. झार आणि माँटारोन ही दुसरी जोडगोळी, नियत खोटी असलेली, तीही तिकडेच निघालेली. चौघांना एकत्र घेतलंत तर त्यांचं जमत नाही; शब्दाला शब्द वाढतो आणि गोष्ट हातघाईवर येऊ शकते. खांद्यावर इवलासा उंदरासारखा हॅमस्टर घेऊन फिरणारा मिन्स्क तुमच्याकडे एक काम मागतो: डायनाहीरला सोडवा. तुम्ही भलतीकडेच भटकत राहिलात तर तो कायम गप्प बसत नाही. सोबत ही मिळवायची आणि टिकवायची गोष्ट आहे, हे नियमांतून सांगणाऱ्या पहिल्या काही मोठ्या गेमपैकी हा एक.

तलवार हातात मोडते

गोष्टीच्या सुरुवातीला सगळीकडे एकच चर्चा आहे: लोखंडाचा तुटवडा. नॅशकेलच्या खाणीतून येणारं लोखंड खराब झालंय. जे चांगलं आहे ते वाटेतच दरोडेखोर लुटतात. भाव चढलेत.

हे नुसतं संवादांतून सांगून गेम थांबला असता तर तो इतरांसारखाच झाला असता. तो हे तुमच्या हातात आणून देतो. ऐन लढाईत तुमची साधी लोखंडी तलवार मोडते. जादूची हत्यारं मोडत नाहीत. पण सुरुवातीला ती असतात कुणाकडे? गरीब टोळी दुकानातून दोन-दोन तलवारी जास्तीच्या घेऊन फिरते. दूरच्या एका खाणीत काहीतरी बिघडलं आणि त्याचा फटका हमरस्त्यावरच्या माणसाला बसला, हे अर्थशास्त्र गेम एका ‘खट्’ आवाजात शिकवतो. त्यातली ही मला सगळ्यात आवडलेली गोष्ट.

आता चिखल्यातून याकडे पाहू. लोखंडात गंधक राहिलं की ते लोखंडाशीच मिळतं आणि धातूच्या कणांच्या सांध्यांत पातळ थर होऊन बसतं. तापवून ठोकायला घेतलं की तो थर वितळतो आणि तुकडा तडकतो. मँगनीज घातलं की गंधक त्याच्याशी जुळतं आणि लोखंडाला मोकळं सोडतं. १८५६ मध्ये हेन्री बेसेमरने पोलाद स्वस्तात बनवायची रीत जाहीर केली, तेव्हा त्याचं पोलाद असंच तडकायचं. रॉबर्ट मुशेटने मँगनीज असलेलं मिश्रण घालून ते सुधारलं. पुढे १८८२ मध्ये रॉबर्ट हॅडफिल्डने मँगनीज भरपूर असलेलं पोलाद बनवलं. जितकं ठोकावं तितकं कणखर होणारं हे पोलाद रुळांच्या सांध्यांत आणि दगड फोडायच्या यंत्रांत वापरलं जातं.

युरोपातल्या भट्ट्यांना मँगनीज लागायला लागलं आणि मध्य प्रांतातल्या टेकड्या खणल्या जाऊ लागल्या. १८९६ मध्ये ब्रिटिशांनी त्यासाठी कंपनी काढली. १९६२ मध्ये सरकार भागीदार झालं, १९७७ मध्ये ती पूर्ण सरकारची झाली. तीच आजची नागपूरची ‘मॉयल’. भंडाऱ्यात तिच्या खाणी डोंगरी बुजुर्गला आणि चिखल्याला आहेत. डोंगरीची उघडी, चिखल्याची जमिनीखालची. तुमसर रोडहून तिरोडीकडे जाणारी रेल्वेची शाखा याच पट्ट्यातून जाते.

म्हणजे ‘बाल्डर्स गेट’ची अख्खी पहिली आपत्ती ज्या रोगाची, त्या रोगावरचं औषध खणणारं हे गाव. गेम बनवणाऱ्यांच्या मनात हे काही नसणार. पण वाचकाने कुठे उभं राहून वाचायचं हे लेखक ठरवत नसतो.

कोबोल्ड कुठून आले

नॅशकेलचे कामगार सांगतात, खाणीत भुतं आहेत. माणसं आत जातात, परत येत नाहीत. तुम्ही उतरता आणि दिसतं, की भुतं वगैरे काही नाही. कुत्र्यासारख्या तोंडाचे बुटके कोबोल्ड आहेत. त्यांच्याकडे कुप्या आहेत. त्या कुप्यांतलं द्रव्य खनिजावर ओतून ते लोखंड नासवताहेत. अगदी तळाशी त्यांचा मुकादम बसलाय, मुलाहे नावाचा पुजारी. त्याच्याकडच्या पत्रांतून धागा बाहेर निघतो आणि पुढे ‘आयर्न थ्रोन’ नावाच्या व्यापारी मंडळीपर्यंत जातो. बेत साधा आहे: इतरांचं लोखंड नासवायचं, वाटेतलं लुटायचं, क्लोकवूडच्या जंगलात स्वतःची खाण गुपचूप चालवायची आणि लोक टेकीला आले की चढ्या भावाने विकायचं.

यात एक गंमत आहे, आणि ती बहुधा जाणूनबुजून केलेली आहे. कोबोल्ड हे नाव जर्मन खाणकामगारांचं. जुन्या काळी काही खनिज भट्टीत घातलं की चांगला धातू निघायचा नाही, उलट विषारी धूर यायचा. कामगार म्हणायचे, खाणीतल्या कोबोल्डाने चांगलं खनिज चोरून हे ठेवलं. अठराव्या शतकात त्यातून निराळा धातू सापडला, तर त्याला त्या भुताचंच नाव मिळालं: कोबाल्ट. आज तुमच्या फोनच्या बॅटरीत बहुधा तोच आहे.

म्हणजे खनिज नासवणारे कोबोल्ड ही खाणकामगारांचीच जुनी समजूत. गेमने ती घेतली आणि तिच्यामागे एक हिशेबनीस बसवला. भुताची गोष्ट खरी निघते, पण भुताला पगार देणारा कुणीतरी निघतो. लहान-मोठ्या राक्षसांनी भरलेल्या या गेमप्रकारात ही फार शहाणी खेळी आहे. संकट आकाशातून येत नाही, भाव वाढवणाऱ्या माणसाकडून येतं.

कामगाराच्या वाट्याला एक वाक्य

इथपर्यंत कौतुक. आता तक्रार.

नॅशकेलच्या खाणीत कामगार आहेत, ही मोठी गोष्ट. बहुतेक गेममध्ये खाण म्हणजे ओसाड भुयार. इथे माणसं काम करताहेत, तोंडाशी खाणीचा व्यवस्थापक एमर्सन उभा आहे आणि बाहेरच्यांना आत सोडायला तो कुरकुरतो. हे सगळं ओळखीचं वाटतं. पण त्या माणसांशी बोलायला जा. बहुतेकांना नाव नाही. वर फक्त ‘कामगार’ असं लिहिलेलं. प्रत्येकाच्या वाट्याला भीतीचं एखादं वाक्य. एकजण दुसऱ्याला सुरा पोहोचवायला सांगतो, तेवढंच काय ते नातं. त्यांना मजुरी किती, खाण बंद पडली तर घरी काय शिजेल, वर कोण वाट बघतंय, यातलं काही येत नाही. तुम्ही मुलाहेला मारता, बाहेर पडता आणि नॅशकेलची खाण गोष्टीतून जवळजवळ पुसली जाते. ती वाटेतली पायरी होती.

खऱ्या खाणीतही नावांचं असंच होतं. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला ब्रिटिश भूशास्त्रज्ञ एल. एल. फर्मर याने या भागातल्या मँगनीजवर प्रचंड काम केलं. १९०९ चा त्याचा ग्रंथ आजही या विषयाचा पाया मानतात. इथल्या एका खडकाला त्याने नाव दिलं ‘गोंडाइट’, या मुलखातल्या गोंडांवरून. खडकाला लोकांचं नाव मिळालं. त्या काळात तो खडक फोडणाऱ्या लोकांची नावं मात्र ग्रंथांत शोधून सापडायची नाहीत. ‘बाल्डर्स गेट’ने काही नवा अन्याय केलेला नाही. तो जुन्याच वहिवाटीने चाललाय. पण ज्याने तलवार मोडण्यातून खाण हातात दिली, त्याच्याकडून जास्तीची अपेक्षा ठेवायचा हक्क आपल्याला आहे.

दुसरी टोळी

मला खटकतं ते असं. या गेमला टोळी कळते. सहा वेगळ्या कसबांची माणसं एकमेकांवर विसंबून अंधारात उतरतात, आणि एकाने चूक केली तर सगळे मरतात, हेच त्याचं मर्म. पण खाणीत अशी टोळी आधीपासूनच आहे, ती त्याला दिसत नाही.

जमिनीखालच्या खाणीत कुणी एकटा काम करत नाही. ड्रिल चालवणारा वेगळा, सुरुंग भरणारा ब्लास्टर वेगळा, टेकू लावणारा वेगळा, टबा ढकलणारे वेगळे. पाळीवर मेट असतो. सुरुंग उडाल्यावर आत शिरायच्या आधी छताचा सैल दगड सब्बलीने ठोकून पाडून घेतात, आणि जागा धोक्याची नाही ना हे बघणं मेटचं काम. वर लिफ्टचं यंत्र चालवणारा बसलेला असतो. खालच्यांना तो दिसतही नाही, फक्त घंटीच्या खुणांवर सगळा व्यवहार. खनिज काढून झालं की उरलेली पोकळी तशीच सोडायची नसते. ती वाळूने भरत वर सरकायचं, नाहीतर डोंगर बसेल.

आता गेममधला चोर आठवा. टोळी थांबते, तो दोन पावलं पुढे जातो, जमीन आणि भिंती तपासतो, सापळा दिसला की लाल होतो. सब्बल घेऊन छत ठोकणारा माणूस नेमकं हेच करतो. मंत्र टाकायच्या आधी आपली माणसं बाजूला काढणारा जादूगार आणि सुरुंगाआधी सगळ्यांना लांब करणारा ब्लास्टर यांच्यात फरक किती? एकच: पहिल्याला गेममध्ये तसबीर आहे, आवाज आहे, भूतकाळ आहे.

नॅशकेलच्या खाणीतून एखादा मेट टोळीत आला असता तर? त्याने भिंतीला कान लावून सांगितलं असतं, इकडून नको. गेमची ही सोपी आणि मोठी संधी हुकली.

पाण्याचा दरवाजा

क्लोकवूडच्या खाणीत मात्र गेम अचानक मोठा होतो. ‘आयर्न थ्रोन’ची ही चोरून चालवलेली खाण. इथे कामगार गुलाम आहेत. कोठडीत येस्लिक नावाचा बुटका योद्धा सापडतो. ही खाण मूळची त्याच्या कुळाची. खणताना वरच्या नदीचं पाणी फुटलं आणि त्याची माणसं बुडाली. ती जुनी बुडालेली खाण या व्यापाऱ्यांनी पुन्हा चालू केली, आणि तिची माहिती ज्याच्याकडून मिळाली त्यालाच कोंडून ठेवलं. त्याला तुम्ही सोबत घेऊ शकता. खाणीतला माणूस टोळीत येतो तो इथे.

शेवटी तुमच्या हातात एक किल्ली पडते. पाणी अडवून धरणारी भिंत त्या किल्लीने उघडते आणि खाण कायमची बुडते. गेमला हेच हवं असतं. शत्रूची खाण संपते. पण आत गुलाम आहेत. त्यांच्यातला एकजण आधीच तुमच्याकडे शंभर सोन्याची नाणी मागतो, पहाऱ्यावरच्या अधिकाऱ्याला चारायला, म्हणजे सगळ्यांना बाहेर पडता येईल. देणं न देणं तुमच्यावर.

खाणीच्या गावात पाण्याचा विषय हलका नसतो. २७ डिसेंबर १९७५ ला धनबादजवळच्या चासनाला कोळसा खाणीत पाणी घुसलं आणि तीनशे सत्तरहून जास्त माणसं गेली. ‘काला पत्थर’ हा १९७९ चा सिनेमा त्यावरूनच सुचला. चासनाला माहीत असलेला माणूस क्लोकवूडच्या त्या किल्लीसमोर आला की गेम खेळत नाही, विचार करत बसतो. शंभर नाणी म्हणजे त्या टप्प्यावर फार नाहीत.  गेम तुम्हाला ओरडून सांगत नाही की हा नैतिक प्रश्न आहे. एक माणूस हळूच पैसे मागतो, बस. तुम्ही घाईत असलात तर त्याच्याशी बोलणंही राहून जातं. या गेममधला सगळ्यात खरा प्रसंग म्हणून मी याच्याकडे बोट दाखवेन.

बापाचा वारसा

आणि इथूनच गेम वाट सोडतो. ‘आयर्न थ्रोन’चा म्होरक्या रिएल्टार नफ्याच्या मागे असतो. पण त्याच्यामागे त्याचा मानलेला मुलगा सारेव्होक उभा असतो, आणि त्याला नफ्याशी देणंघेणं नाही. त्याला युद्ध हवंय. त्यात रक्त सांडलं की आपण मेलेल्या खुनशी देवाच्या जागी बसू, असा त्याचा हिशेब. तो त्या देवाचा मुलगा आहे. आणि तुम्हीही.

खेळणाऱ्याला हे रोमांचक वाटतं. तुम्ही कुणी साधे नव्हेत, हे ऐकायला कुणाला आवडत नाही? पण गोष्टीचं नुकसान होतं. लोखंड, भाव, लाच, गुलाम, दरोडेखोर यांचा इतका नीट विणलेला पट शेवटी दोन भावांच्या भांडणात गुंडाळला जातो. भाव वाढवणारा व्यापारी पुरेसा भयंकर नाही, त्याच्यामागे देव हवा, असं गेमला वाटलं. आपल्या गावात कुणाला असं वाटायचं कारण नाही.

याच मालिकेतला तिसरा गेम बेल्जियमच्या ‘लॅरियन’ने २०२३ मध्ये आणला. त्यातही दगड खणायला जुंपलेले गुलाम आहेत, बुटके नोम. दरड कोसळून त्यांच्यातले काही आत अडकलेत, त्यांच्यासोबत छळ करणारा अधिकारीही अडकलाय, आणि आत विषारी वायू भरतोय. या नोमांना नावं आहेत, आपापसांत नाती आहेत, मुकादमांवरचा राग आहे. आणि तुम्ही तंबू ठोकून निवांत झोपा काढत राहिलात तर आतले मरतात. खाणीतल्या माणसाच्या वेळेला किंमत आहे, हे मालिकेला पंचवीस वर्षांनी उमगलं. उमगलं, हे महत्त्वाचं.

आपला तळ

आपल्याकडेही गेम बनताहेत. पुण्याच्या ‘नॉडिंग हेड्स’ने २०२० मध्ये ‘राजी’ आणला. त्याची जगभर चर्चा झाली, आणि तो देखणा आहेच. पण त्यात एकटी मुलगी आहे, देव आहेत, असुर आहेत, राजवाडे आहेत. टोळी नाही, कारखाना नाही, पाळी नाही. आपल्याकडे अद्भुत म्हटलं की हात थेट पुराणांकडे किंवा गडकिल्ल्यांकडे जातो.

‘बाल्डर्स गेट’ नेमका तिथे आपल्याला उपयोगी आहे. एका खाणीतलं खनिज नासलं, एवढ्यावरून अद्भुत गोष्ट उभी राहते, हे त्याने दाखवून दिलं. मग तुमसरच्या धानाच्या बाजारावरून का नाही? विडीच्या कारखान्यावरून का नाही? एखाद्या गेममध्ये सहा जणांची टोळी पाळीच्या भोंग्यावर खाली उतरेल, त्यातला मेट झाडीबोलीत शिव्या घालत छत ठोकेल, आणि खाली जे सापडेल ते भूत आहे की कुणाचा तरी हिशेब, हे शोधायला खेळणाऱ्याला तास लागतील. नियम तयार आहेत, पंचवीस वर्षं घासूनपुसून झालेले. माणसं घालायची बाकी आहेत.

तोवर हा जुना गेम फोनवर घ्या आणि नॅशकेलपर्यंत जा. तलवार मोडली की चिडू नका, तो गेमचा सगळ्यात शहाणा भाग आहे. आणि क्लोकवूडला पोचलात तर त्या किल्लीला हात लावायच्या आधी गुलामांमध्ये फिरून या. शंभर नाणी खिशात ठेवा.